रेघ, ठिपका आणि चार ढीग: एका गोदामातल्या बारकोडचं प्रकरण

गोदामाच्या पाठवणी विभागाची तक्रारवही मी आधी मागवून घेतली. तीन आठवड्यांची पानं उलटली, तर जवळजवळ प्रत्येक पानावर दोनच वाक्यं: ‘स्कॅन होत नाही’ आणि ‘लेसरने डोळे दुखतात’. कुठला खोका, कुठला स्कॅनर, किती अंतरावरून धरला होता, समोर रेघ दिसत होती की ठिपका, याचा पत्ताच नाही. लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. काय बिघडलंय हे सांगायला लागणारे शब्दच त्यांच्या हाती कोणी दिले नव्हते.

गोदाम यंत्रांच्या सुट्या भागांचं. प्रत्येक खोक्यावर लेबल, लेबलावर बारकोड. हातातल्या लेसर स्कॅनरने तो वाचला की संगणकात त्या भागाची नोंद पुढे सरकते. लेबलाचा आराखडा नुकताच बदलला होता आणि स्कॅनरही त्याच सुमारास नवे आले होते. त्यामुळे लेबलं छापणारे स्कॅनरकडे बोट दाखवत होते आणि स्कॅनर देणारे लेबलांकडे. मधल्या मध्ये खोके साचत होते. न वाचलेल्या खोक्याचा क्रमांक हाताने टाईप करावा लागे आणि हाताने टाईप केलं की चुका आल्याच.

पहिल्या दिवशी मी काहीच दुरुस्त केलं नाही. जे खोके वाचले जात नव्हते तेवढे बाजूला काढायला सांगितले आणि स्कॅनिंगच्या टेबलाशी उभा राहून फक्त बघत बसलो.

तिथे आधी एक गोष्ट सगळ्यांसमोर मांडावी लागली. लेसर स्कॅनर बारकोडचा फोटो काढत नाही. आत एक छोटा लेसर डायोड असतो, बहुधा ६५० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा लाल प्रकाश देणारा. त्याचा बारीक किरण एका डुलत्या आरशावर पडतो. आरसा सेकंदाला साधारण शंभर फेऱ्या मारतो, म्हणून लेबलावरून पळणारा एकच ठिपका आपल्याला सलग रेघ वाटतो. ठिपका पांढऱ्यावर आला की प्रकाश परत येतो, काळ्यावर आला की शोषला जातो. परत येणारा हा कमी-जास्त प्रकाश फोटोडायोड टिपतो. मग डीकोडर त्या चढउतारांवरून प्रत्येक काळ्या रेघेची आणि मधल्या प्रत्येक पांढऱ्या जागेची रुंदी मोजतो आणि ती कुठल्या सिम्बॉलॉजीत, म्हणजे बारकोडच्या कुठल्या लिपीत बसते ते पाहतो. काळ्या रेघेला बार म्हणतात, पांढऱ्या जागेला स्पेस. स्पेसलाही बारइतकाच अर्थ असतो. हे ऐकून टेबलावरच्या ताई म्हणाल्या, “म्हणजे पांढरं पण वाचतो तो?” माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच होता, कारण निम्मा घोळ पांढऱ्यातच होता.

तेव्हा ‘स्कॅन होत नाही’ याचे निदान तीन अर्थ झाले. किरणच निघत नाही, हा एक. किरण निघतो पण काळ्या-पांढऱ्यातला फरक परत येत नाही, हा दुसरा. फरक येतो पण रुंद्यांचा हिशोब कुठल्याच अक्षराशी जुळत नाही, हा तिसरा. त्या दिवशी बाजूला काढलेल्या खोक्यांचे आम्ही कारणांप्रमाणे ढीग लावत गेलो. संध्याकाळपर्यंत चार ढीग झाले.

पहिला ढीग सगळ्यात मोठा होता. नव्या आराखड्यात लेबल लहान केलं होतं आणि बारकोडभोवती छान चौकट काढली होती. चौकटीची रेघ पहिल्या बारपासून जेमतेम एक मिलिमीटरवर. बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा सोडावी लागते, तिला क्वायट झोन म्हणतात. बारकोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे डीकोडरला त्या कोऱ्या जागेवरून कळतं. ती किती हवी हे एक्स-डायमेन्शनवर ठरतं, म्हणजे त्या बारकोडातल्या सगळ्यात बारीक बारच्या रुंदीवर. या लेबलांवर कोड १२८ ही सिम्बॉलॉजी होती. तिला दोन्ही बाजूंना एक्सच्या किमान दहापट जागा लागते. एक्स पाव मिलिमीटर धरला, तर अडीच मिलिमीटर. चौकटीमुळे डीकोडरला ती रेघही बारकोडचाच भाग वाटत होती आणि तो हिशोब सोडून देत होता. काही खोक्यांवर चौकट नव्हती, पण लेबल थेट खोक्याच्या कडेशी डकवलं होतं आणि अर्धा क्वायट झोन कोपऱ्यावरून पलीकडे वळला होता. नाव वेगळं दिसलं तरी आजार तोच.

‘एक्स-डायमेन्शन’ हा शब्द मी उच्चारला आणि मागे उभी असलेली एक मुलगी दचकली. तिला वाटलं, यात एक्स-रे आहे. हसण्यावारी नेण्याजोगी ती भीती नव्हती. ‘लेसरने डोळे दुखतात’ या वाक्याच्या तळाशी हीच होती. त्याकडे पुढे येतोच.

दुसरा ढीग जास्त फसवा होता. त्यातल्या लेबलांना चौकट नव्हती, क्वायट झोन पुरेसा होता, छपाई काळीभोर होती, तरी दहादा ट्रिगर दाबल्यावर एकदा बीप. भिंगाखाली धरल्यावर कळलं. गोदामातला प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे एका मिलिमीटरात आठ ठिपके. एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. मूळ आराखड्यात एक्स होता दोन ठिपके, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. जागेत बसवण्यासाठी कोणीतरी बारकोडचं चित्र कोपऱ्याला धरून ऐंशी टक्क्यांवर आणलं. आता एक्स झाला १.६ ठिपके. प्रिंटरला १.६ ठिपके छापताच येत नाहीत. त्याने कुठे एक छापला, कुठे दोन. कोड १२८ मध्ये बार आणि स्पेस एक, दोन, तीन किंवा चार एक्स रुंदीचे असतात आणि सगळा अर्थ या प्रमाणावर उभा असतो. जिथे एकाला दोन असं प्रमाण हवं, तिथे दोन ठिपक्यांना तीन ठिपके असं काहीतरी निघत होतं.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा, कारण या ठिकाणी अनुभवी माणसंही गफलत करतात. ०.२ मिलिमीटरचा बार त्या स्कॅनरला अजिबात बारीक नव्हता. हातातले बरेचसे लेसर स्कॅनर जवळून पाच मिलपर्यंतचा, म्हणजे ०.१२७ मिलिमीटरचा एक्स वाचतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे तक्रार बार बारीक असण्याची नव्हती, बार ओबडधोबड असण्याची होती. बारकोडचं चित्र कधीही ओढून लहान-मोठं करू नये. छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स किती ठिपक्यांचा ते पूर्णांकात सांगावं आणि बारकोड त्यालाच काढू द्यावा. एक्स कमी केला की डेप्थ ऑफ फील्डही घटते, म्हणजे ज्या जवळ-दूरच्या टप्प्यात स्कॅनर वाचू शकतो तो टप्पा आखडतो. हातभर लांबून वाचायची सवय लागलेल्यांना तोच स्कॅनर अचानक आळशी वाटायला लागतो.

तिसरा ढीग पाकिटं बांधणाऱ्यांच्या काळजीतून आला होता. लेबल निघू नये म्हणून ते त्यावरून पारदर्शक चिकटपट्टी लावत. चकचकीत पृष्ठभागावर किरण सरळ काटकोनात पडला, तर तो आरशावरून उडावा तसा उडून थेट फोटोडायोडमध्ये जातो. याला स्पेक्युलर रिफ्लेक्शन म्हणतात. त्या झगझगाटात काळं-पांढरं एकसारखंच उजळ दिसतं. कागदावरून चहूकडे विखुरणारा मंद प्रकाश हवा असतो, हा नव्हे. इलाज सोपा: स्कॅनर दहा-पंधरा अंश कलता धरायचा. गंमत म्हणजे नीट काम करायची हौस असलेले लोकच स्कॅनर अगदी सरळ धरत होते. निष्काळजीपणे तिरका धरणाऱ्यांचे खोके पटापट वाचले जात होते.

चौथा ढीग लहान, पण त्याने मला बराच वेळ थांबवलं. तातडीच्या मालासाठी वेगळं लेबल केलं होतं, पांढऱ्या कागदावर लाल बारकोड. डोळ्याला एकदम ठसठशीत. पण स्कॅनरचा प्रकाशच लाल. लाल शाई लाल प्रकाश जवळपास पांढऱ्या कागदाइतकाच परतवते, त्यामुळे स्कॅनरपुढे ते लेबल जवळजवळ कोरं होतं. मी लाल पारदर्शक कागदाचा तुकडा मागवला आणि एकेकाला त्यातून लेबलाकडे बघायला सांगितलं. बार विरून गेले. एरवी सिम्बॉल कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांच्या परावर्तनातला फरक, समजावण्यात माझा अर्धा तास गेला असता. हे अर्ध्या मिनिटात झालं. याच न्यायाने लाल कागदावर काळे बार मात्र उत्तम वाचले जातात, आणि हिरव्या किंवा निळ्या कागदावरचे काळे बार अडतात, कारण लाल प्रकाशात ते रंग काळपट दिसतात.

या चार ढिगांत न बसणारा एक खोका मात्र तक्रारवहीत आलाच नव्हता, कारण तो ‘वाचला’ गेला होता. बीप वाजला, नोंद झाली आणि भलताच भाग पाठवला गेला. न वाचणं त्रासदायक असतं, पण चुकीचं वाचणं घातक. त्या खोक्यावर बाहेरून आलेला इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह जातीचा चौदा अंकी बारकोड होता. या सिम्बॉलॉजीत सुरुवातीची आणि शेवटाची खूण इतकी साधी असते की मधल्या अंकांतही तसाच आकार उमटू शकतो. किरण तिरका जाऊन बारकोडच्या वरच्या किंवा खालच्या कडेतून बाहेर पडला, तर अर्धाच तुकडा पूर्ण बारकोड म्हणून वाचला जाऊ शकतो. म्हणून त्याच्या वर-खाली जाड आडव्या पट्ट्या देतात, त्यांना बेअरर बार म्हणतात. तिरका किरण पट्टीला धडकतो आणि वाचन बिनसतं, जे इथे आपल्याला हवंच असतं. या खोक्यावरची खालची पट्टी कापली गेली होती आणि नव्या स्कॅनरांत ‘कितीही अंकी चालेल’ असं सेटिंग होतं. तुकड्यातून निघालेला छोटा क्रमांक दुर्दैवाने गोदामातल्या दुसऱ्या एका भागाचा निघाला. आम्ही लांबी चौदा अंकांवर बांधली आणि चेक डिजिटची तपासणी चालू केली. चेक डिजिट म्हणजे बाकीच्या अंकांवरून ठराविक गणिताने काढलेला शेवटचा अंक. गणित जुळलं नाही तर वाचन बाद. कोड १२८ मध्ये अशी तपासणी सक्तीची आणि अंगभूत असते, इथे ती चालू करावी लागते.

आता दुसरं वाक्य, लेसरचं.

दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं. एका खोक्यावर तीन-चारदा ट्रिगर दाबूनही बीप आला नाही, तेव्हा ताईंनी स्कॅनर उलटा फिरवला आणि काचेत डोकावून ट्रिगर दाबला. लाईट येतोय का बघायला. दिवसभरात लेबलं जितक्या वेळा अडत, तितक्या वेळा हे घडत होतं. वाईट लेबल हेच डोळ्यात किरण जाण्याचं कारण झालं होतं. आणि सुपरवायझर सगळ्यांची भीती घालवायला स्वतः काचेत टक लावून बघत आणि म्हणत, “बघा, काही होतंय का?” त्यांचा हेतू चांगला होता, कृती अगदी चुकीची होती.

स्कॅनरवर काय लिहिलंय ते बघू म्हटलं, तर आठपैकी पाच स्कॅनरांच्या सूचनेवर गोदामाच्याच मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर चिकटवलेला. तो सोलून काढल्यावर खाली वर्ग २ आणि किरणाकडे टक लावून पाहू नका, अशी सूचना.

लेसरची ही वर्गवारी आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकातली. वर्ग १ म्हणजे नेहमीच्या वापरात सुरक्षित. वर्ग २ फक्त दिसणाऱ्या प्रकाशाला, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरला लागू, आणि सलग किरणाला मर्यादा एक मिलिवॉट. पुढे ३आर, ३बी आणि ४, चढत्या धोक्याने. वर्ग २ चा सगळा भरवसा डोळ्याच्या एका सवयीवर आहे. प्रखर प्रकाश आला की आपण पाव सेकंदाच्या आत पापणी मिटतो किंवा मान वळवतो. तेवढ्या वेळात एक मिलिवॉटचा किरण, अगदी सात मिलिमीटर उघड्या बाहुलीतून आत गेला तरी, दृष्टिपटलाला इजा करत नाही, असा तो हिशोब. म्हणून चुकून डोळ्यावरून गेलेल्या किरणाने घाबरून जाऊ नये. पण जाणूनबुजून पापणी रोखून बघणारा माणूस त्या हिशोबाचा पायाच काढून घेतो. सुपरवायझरांना मी हे एकट्याला बाजूला नेऊन सांगितलं. ते गप्प झाले. मग टेबलाशी येऊन त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं की आपण दाखवत होतो ते बरोबर नव्हतं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

एवढ्याशा शक्तीची एवढी काळजी का, असाही प्रश्न आला. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो, लांब गेलं की क्षीण होतो. लेसरचा किरण अरुंदच राहतो आणि डोळ्याचं भिंग त्याला दृष्टिपटलावर सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करतं. बुबुळावर पडणारी तीव्रता दृष्टिपटलावर लाखपटीच्या आसपास वाढते. मात्र हा एक्स-रे नव्हे. ‘लेसर’ या नावाच्या मूळ इंग्रजी अक्षरांत किरणोत्सर्गाला वापरतात तोच शब्द असला, तरी इथे त्याचा अर्थ प्रकाशाचं उत्सर्जन एवढाच. स्कॅनरचा लाल प्रकाश शरीरात शिरून पेशींची मोडतोड करत नाही. त्या दचकलेल्या मुलीला मी हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा तिने स्वतःहून विचारलं म्हणून. काहीजण काळे गॉगल लावून बसत होते, तेही थांबवलं. गॉगल म्हणजे लेसरचा चष्मा नव्हे. वर्ग २ ला तशा चष्म्याची गरजही नसते, आणि अंधारात बाहुली उलट जास्तच उघडते.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. सहाव्या स्कॅनरने मला गंभीर केलं.

सगळे स्कॅनर मी राखाडी पुठ्ठ्यावर रोखून तपासत होतो. चकचकीत नसलेला पुठ्ठा, म्हणजे किरण उडत नाही आणि काचेत बघावंही लागत नाही. सहाव्यावर रेघ आलीच नाही. एक प्रखर ठिपका आला आणि ट्रिगर सोडेपर्यंत तिथेच जळत राहिला. लांबून वाचणाऱ्या काही स्कॅनरांत नेम धरायला क्षणभर ठिपका येतो आणि मग त्याची रेघ होते, ते ठाऊक असावं. इथे रेघ होतच नव्हती. आरसा अडकला होता.

यातला धोका आकड्यांत बघितला तरच कळतो. किरण फिरत असतो तेव्हा तो बाहुलीवर थांबत नाही. ढोबळ हिशोब असा: वीतभर अंतरावर रेघ पंधरा सेंटिमीटरची, एक फेरी दहा मिलिसेकंदांची, बाहुली सात मिलिमीटरची. प्रत्येक फेरीत किरण बाहुलीत जेमतेम अर्धा मिलिसेकंद असतो, म्हणजे वेळेचा विसावा हिस्सा. स्कॅनरचा वर्ग ठरतो तो हे फिरणं धरून. म्हणून आतला डायोड, किरण थांबला असता जो वर्ग लागला असता, त्यापेक्षा जास्त शक्तीचाही असू शकतो. आरसा थांबला की सगळी शक्ती एकाच जागी, अखंड. याचसाठी अशा यंत्रांत आरसा थांबल्याचं ओळखून किरण बंद पाडणारी रचना असावी लागते. मानकातही ती आहे आणि अमेरिकेच्या नियमांतही. मग इथे ती चालली का नाही? चौकशीत कळलं की स्कॅनर उंचावरून पडला होता, कोणीतरी तो उघडून आतला भाग गोंदाने बसवला होता आणि ‘चालतोय’ म्हणून टेबलावर परत ठेवला होता. उघडल्यावर ती रचना शाबूत राहिली का, हे कोणी बघितलं नव्हतं. ज्या क्षणी झाकण उघडलं, त्या क्षणी वर्ग २ चा स्टिकर त्या यंत्राबद्दल काही सांगेनासा झाला. मी बॅटरी काढली, लाल चिठ्ठी बांधली आणि तो कपाटात कुलूपबंद केला. तो निर्मात्याच्या अधिकृत केंद्रातच जाईल, असं लिहून घेतलं.

ताई बहुतेक वेळा कुठला स्कॅनर वापरत? हाच. त्यांना मी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायला लावलं, दृष्टिपटलाची तपासणी करून घ्या असं स्पष्ट सांगून. दृष्टिपटलावर काही इजा आढळली नाही. प्रखर ठिपका बघितल्यावर डोळ्यांपुढे काही वेळ तरंगणारा डाग आणि दिवसभर न वाचणाऱ्या लेबलांशी झुंजण्याचा ताण, असं डॉक्टरांनी सांगितलं. ‘डोळे दुखतात’ ही तक्रार खोटी नव्हती. तीन आठवडे कोणी ती खरी मानली नव्हती.

माल उतरवण्याच्या दाराशी एक जुना, जागेवर बसवलेला स्कॅनर होता. त्यावर रोमन अंकात दोन आणि पुढे ‘ए’ लिहिलेलं. नव्यांवर नुसता दोन, म्हणजे नवे जास्त घातक, असा तर्क गोदामात पसरला होता. तो ‘ए’ अमेरिकेच्या जुन्या वर्गवारीतला. बघण्यासाठी नसलेल्या, हजार सेकंदांपर्यंत डोळ्यात गेला तरी घातक न मानलेल्या किरणांसाठी तो वर्ग केला होता आणि दुकानांतले स्कॅनर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून चालत नाहीत. ते सांगितल्यावर तो विषय संपला.

दुरुस्त्या फार मोठ्या नव्हत्या. चौकट काढली. एक्स दोन ठिपक्यांवर पक्का केला, त्यासाठी लेबल थोडं रुंद करावं लागलं. चिकटपट्टी बारकोड सोडून बाकीच्या भागावर. लेबलाचा नमुना व्हेरिफायरवर, म्हणजे छापलेल्या बारकोडचा दर्जा मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घेतला, कारण स्कॅनरचा बीप हा दर्जाचा दाखला नव्हे. व्हेरिफायर सरळ रेघांच्या बारकोडसाठीच्या आयएसओ/आयईसी १५४१६ या मानकाप्रमाणे दहा ठिकाणी रेघ मारून परावर्तन मोजतो आणि ए ते एफ अशी श्रेणी देतो. जुनं लेबल एफला पडलं, नवं बीला उतरलं. स्कॅनर चालतो का ते बघायला प्रत्येक टेबलावर राखाडी पुठ्ठा दोरीने बांधला.

तातडीच्या लेबलावर मात्र वाद झाला. लाल रंग जाता कामा नये, असा पाठवणीवाल्यांचा आग्रह होता, आणि तो रास्त होता, कारण माणसाला ते लांबून दिसायला हवं. शेवटी अख्खं लेबल लाल केलं आणि बार काळे. माणसाला ते लालभडक दिसतं, स्कॅनरला पांढऱ्यावर काळं.

महिन्याभराने तक्रारवही पुन्हा बघितली. ताईंच्या अक्षरात शेवटची नोंद होती: ‘खोका वाचला नाही. किरण ठीक, पुठ्ठ्यावर रेघ येते. उजवा क्वायट झोन चिकटपट्टीखाली गेलाय. पट्टी काढली, पहिल्या दाबात वाचला. पॅकिंगला कळवलं.’